बेंगळूर कोणी कोणाला दाखवलं

"अगं बाई! केवढी ही मिशी!"

बेंगळुरातल्या त्या जुन्या संग्रहालयात, कुण्या राजाच्या पुरुषभर उंच चित्रासमोर उभी राहून सौम्या जरा मोठ्यानंच म्हणाली. इथं आपलं मराठी कुणाला कळणार, असं तिला वाटलं होतं.

पाठीमागं कुणीतरी खुदकन हसलं.

"राजाला ऐकू जाईल... हळू."

ती गर्रकन वळली. निळा शर्ट, हातात हेल्मेट, घामानं कपाळाला चिकटलेले केस. आणि डोळ्यांत उघड उघड मिस्किलपणा.

"कुठले तुम्ही?"

"वडगाव. बेळगावचं. आणि तुम्ही?"

"हिंडलगा."

"अरेरे! जेलमधनं सुटून आलात व्हय?"

हिंडलग्यात मोठा तुरुंग, त्यामुळं तिथल्या माणसाला हा विनोद जन्मभर ऐकावाच लागतो. सौम्याचं उत्तर तयार होतं. "सुटून न्हाय, पळून. कुणाला सांगू नका."

झाली ओळख. त्याचं नाव नागेंद्र. घरात हातमाग, साड्यांचा. हा मात्र शिकून बेंगळुरात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेला. सौम्या बेळगावच्या शाळेत चित्रकला शिकवायची. वर्षानुवर्षं मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवली, पण खरं चित्र कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ती मावसबहिणीकडं, पूर्णिमाकडं, आली होती. नर्स असलेल्या पूर्णिमाला नेमकी जास्तीची ड्युटी लागली. मग ही एकटीच बाहेर पडली.

"चला, मी दाखवतो," नागेंद्र ऐटीत म्हणाला. "चार वर्षं राहतोय इथं."

"हे संग्रहालय किती वेळा बघितलंत?"

तो डोकं खाजवू लागला. "आजच... म्हणजे ऊन लागलं म्हणून आत आलतो."

सौम्या इतकी हसली, की पहारेकऱ्यानं कन्नडमध्ये दटावलं.

नागेंद्रचं बघणं म्हणजे बाजारातून फिरल्यासारखं. दालनामागून दालन, सरळ दारापर्यंत. शेवटी सौम्यानं त्याची बाही धरली. "असं पळत बघतात व्हय? थांबा इथं. काय दिसतंय?"

समोर दगडात कोरलेली एक स्त्री होती. "बाई," तो म्हणाला.

"तिची टाच बघा. जरा उचललीय. कुणाची तरी चाहूल लागलीय तिला... आता वळणार ती."

त्यानं टाच पाहिली. मग तो सौम्याकडंच पाहत राहिला. बाही अजून तिच्याच मुठीत होती. तिनं पटकन सोडली – आणि उगाचच ओढणी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली. जुन्या बंगल्यातली चित्रांची गॅलरी, आवारात डेरेदार झाडं, झाडाखाली कॉफी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आज तोच तिला थांबवत होता. एका निळ्याशार चित्रापुढं तर हललाच नाही.

"आमच्या दारात रंगवलेलं सूत वाळत असायचं, ते असंच. लहानपणी त्यातनं पळायचो मी... सौम्या, कालपातूर मला हे आठवतच नव्हतं बघ."

ती चित्र सोडून त्याच्याकडंच बघत राहिली.

"मी रविवारी गावाकडं येतोय," तो हळूच म्हणाला.

"खरंच?" तिचा चेहरा उजळला.

"मुलगी बघायला. शहापुरात. घरच्यांनी ठरवलंय..."

मघाची कॉफी तोंडात एकदम कडू झाली. सौम्या पुन्हा चित्राकडं वळली. निळ्यावर निळं पसरत गेलं. "चांगलं की. बघा तुम्ही."

"परत 'तुम्ही'?"

"उद्याचे नवरदेव. मान द्यायला नको?"

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं... पण ती केव्हाच पर्स उचलून चालू लागली होती. स्टेशनवर येऊ नका, एवढं मात्र तिनं बजावलं. बेळगावच्या गाडीत रात्रभर ती स्वतःलाच रागावत होती. दोन दिवसांची ओळख ती काय, आणि डोळे का म्हणून भरावेत!

रविवारी दुपारी अंगणात ती आपल्या आईबरोबर, म्हणजे जयाबाईबरोबर, पापड वाळत घालत होती. चित्रकलेच्या बाईंचं घर विचारत विचारत आलेली रिक्षा दारात थांबली. उतरला तो – नागेंद्र.

जांभळाखाली बसलेल्या आप्पांनी, तिच्या वडलांनी, मान वर केली. "कोण रं तू?"

"वडगावच्या मारुतीरावांचा नागेंद्र. आमच्यात माग हाय, साड्यांचा."

"मग? साडी विकायला आलास काय?"

"न्हाय आप्पा." तो एक पाऊल पुढं आला. "तुमची मुलगी मागायला आलोय. सकाळी शहापूरला एका घरी बघण्याचं ठरलं होतं. त्यांच्या वडलांना खरं सांगून, हात जोडून आलो. पोह्यांना हात लावला न्हाय."

सौम्याच्या हातातला पापड दुमडला.

"आपल्यात मागवाल्यांशी सोयरीक झालेली न्हाय," आप्पा सावकाश म्हणाले. "घरात ठाऊक हाय तुझ्या?"

"व्हय. बाबा बोलेनात. आई लई रडली... मग म्हणाली, ऊन हाय, टोपी घालून जा."

आप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण आवाज तसाच राहिला. "सौम्या, ओळखतीस ह्याला?"

एका शब्दाचं काम होतं. 'न्हाय' म्हणाली असती, तर तो आल्या वाटेनं परत गेला असता.

"ओळखते आप्पा."

"किती?"

तिनं नागेंद्रकडं पाहिलं. बिचाऱ्यानं टोपी काढून दोन्ही हातांनी चुरगाळली होती. "पुरतं न्हाय अजून... पण मला ओळखायचंय. ह्यालाच."

आप्पांनी एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"अगं, ताट वाढ," ते जयाबाईला म्हणाले. "उपाशी माणसाबरोबर असलं बोलणं मी बोलत नसतो. जेवू दे त्याला. मग विचारतो एकेक."

सौम्या धावतच तांब्या घेऊन आली. नागेंद्रनं ओंजळ पुढं केली. दोघांची नजर एकमेकांत अशी अडकली, की पाणी भलतीकडंच चाललं.

"सौम्या," जयाबाई दारातून म्हणाली, "हातावर घाल गं त्याच्या, बुटावर नको."