खिशातले फ्यूज

जळगावहून पहूरकडे जाणाऱ्या एसटीत मोहिनीच्या मांडीवर एक चौकोनी खोकं होतं, आणि ते खाली ठेवायला ती काही केल्या तयार नव्हती. कंडक्टरने सांगून पाहिलं, शेजारच्या काकूंनी जागा करून पाहिली. ती आपली दोन्ही हातांनी खोकं कवटाळून बसली होती. शेवटी दांड्याला धरून उभ्या असलेल्या, खांद्यावर चामड्याची पिशवी लटकवलेल्या एका तरुणाला राहवेना.

"शिलाई मशीन हाये का?"

"नाही."

"मंग देव हाये का आतमधी? कुठं बसवून राहिल्या?"

मोहिनीला हसू आलं, ते तिने खिडकीकडे वळून लपवलं. "इन्व्हर्टरचं कार्ड आहे," ती म्हणाली.

"इन्व्हर्टर तर आमच्या घरी बी हाये. एक पंखा चालवतो."

"हा अख्खी वाडी चालवणार आहे."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गाडी खड्ड्यातून गेली, तिने खोकं छातीशी धरलं, आणि त्याने नकळत हात पुढे केला... लगेच मागेही घेतला.

"मंग त्याले जपा," तो म्हणाला. "वाडीच्या तारा मी जपतो."

अशी ओळख झाली. त्याचं नाव हितेंद्र. पहूरच्या पलीकडची ती चाळीस घरांची वाडी, तिची डीपी, म्हणजे फ्यूजची पेटी, आणि तिच्या तारा त्याच्याकडे होत्या. लाईनमनची नोकरी, घरी थोडी कपाशी, आणि आई बेबाबाई. मोहिनी धुळ्याची, देवपूरची. पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर. वाडीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या आणि नवा इन्व्हर्टर बसवून, त्याची चाचणी देऊन तिला परत जायचं होतं. मुदत तीन आठवड्यांची.

वाडीत सौर पाट्या आधीच होत्या. शाळेवर होत्या, झुंबरबाईच्या पिठाच्या गिरणीवर होत्या. पण वरून वीज गेली की भर उन्हात त्या पाट्याही गप्प व्हायच्या. पहिल्याच दिवशी झुंबरबाईने मोहिनीला गिरणीच्या दारात गाठलं आणि डोक्यावरच्या सूर्याकडे बोट केलं.

"बाई, हा बी सरकारी नोकरीत लागला का? हजर हाये, पन काम करत नाही."

असं का होतं, ते हितेंद्रनेही दुपारच्या भाकरीच्या वेळी विचारलं. मोहिनीने त्याला लग्नातल्या बँडचं उदाहरण दिलं. दीपनगरच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणची मोठाली फिरती यंत्रं म्हणजे ढोलवाला. सगळ्या देशाच्या विजेचा ठेका ती धरतात, सेकंदाला पन्नास. छपरावरचे साधे इन्व्हर्टर तो ठेका ऐकतात आणि त्यात आपला सूर मिसळतात. ढोल थांबला की तेही थांबतात. पुढे कोळशाची यंत्रं कमी होत जाणार, मग ठेका धरणार कोण? तर हा नवा इन्व्हर्टर. तो कुणाची वाट बघत नाही, स्वतःच सुरुवात करतो.

"बरं हाये त्याचं," हितेंद्र म्हणाला आणि भाकरीचा तुकडा उगाच मोडत बसला.

त्या तीन शब्दांनी मोहिनीची झोप उडवली. म्हणजे याला काही सुरू करायचं आहे? की आपलं बोलायचं म्हणून बोलला? दुसऱ्या दिवसापासून तिला मोटरसायकलचे आवाज वेगवेगळे ओळखू यायला लागले. त्याची गाडी चढावर जरा खोकायची. तो आवाज आला की स्क्रीनवरचे आकडे नुसते दिसायचे, कळायचे नाहीत. तो यायचा, तारा तपासायचा, 'आहे'ऐवजी मधूनच तोंडात येणाऱ्या तिच्या 'शे'ची नक्कल करायचा. "मॅडम, आज काय शे?" ती म्हणायची, आमच्या अहिराणीला हसू नका, तुमचं 'करून राहिलो' ऐकून आमच्याकडे म्हशी हसतात. तो मनापासून हसायचा, हेल्मेट घालायचा आणि निघून जायचा. बोलायचा सगळं, पण एक गोष्ट सोडून.

तिची चडफड अशी, की काम जितकं नीट होईल तितकं जाणं जवळ येत होतं. एकदा तर तिने एक बरोबर जोडलेली वायर काढून पुन्हा जोडली... आणि स्वतःवरच चिडली.

त्यातच सोमवारी कंपनीने विचारलं, चाचणीनंतर वर्षभर जळगावला राहून या यंत्रावर लक्ष ठेवशील का? नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवतो, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. मोहिनीने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. कशासाठी राहायचं? त्याने एक शब्द टाकला असता तरी पुरे होता. मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी चाचणी होती, आणि संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये होतं.

गुरुवारी सकाळी जळगावहून मोठे साहेब आले. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, कपाशीची शेवटची वेचणी राहिलेली. हितेंद्रने डीपीवर जाऊन वाडीचे तिन्ही फ्यूज काढले. वाडी अंधारली नाही, ऊनच होतं. पण गिरणी थांबली, पंप थांबले, आणि एकदम कपाशीत वारा ऐकू यायला लागला. त्याने तारा एकदा शेवटच्या पाहिल्या, शेडमध्ये येऊन वहीत सही केली. लाईन मोकळी, माणूस खाली, वेळ अकरा वीस. पेन परत देताना त्याने विचारलं.

"संध्याकाळी जाता ना?"

"तिकीट तर आहे."

"हं," तो म्हणाला, आणि गेला.

हं! तीन आठवड्यांनी हे मिळालं. मोहिनीला डोळ्यात पाणी येतंय की राग, हेच कळेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सगळे आकडे हिरवे होते, सही झाली होती, तिचा अंगठा बटणावर होता. तिने स्क्रीनकडे बघायला हवं होतं. पण तीन आठवडे जडलेली खोड कशी जाणार? तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, त्याची गाडी गेली का ते बघायला.

गाडी निंबाखालीच होती. आणि कपाशीच्या वर, तिसऱ्या खांबावर, पिवळं हेल्मेट होतं.

"मॅडम, करा चालू," साहेब म्हणाले.

"सर, खांबावर माणूस आहे."

"सही झाली आहे ना? उतरला असेल."

तिने बटणावरचा अंगठा काढला, यंत्राची चावी उपसून मुठीत घेतली आणि ती धावत सुटली. कपाशीच्या पऱ्हाट्या ओढणीला अडकल्या, ओढणी तिथेच राहिली. खांबाखाली पोचली तेव्हा तिला श्वास नव्हता, आणि पुस्तकी मराठी तर अजिबातच नव्हती.

"खाले उतर! आते उतर, हितेंद्र!"

त्याने खाली पाहिलं. त्याचा हात तारेपासून वीतभर होता. तारेला संक्रांतीचा एक लाल पतंग अडकलेला होता. "लाईन बंद हाये," तो हसत म्हणाला. "फ्यूज माझ्या खिशात हायेत." आणि त्याने खिसा थोपटला. आतले चिनी मातीचे फ्यूज खुळखुळले.

पिढ्यानपिढ्या लाईनमन हेच करत आले आहेत. फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे आपण वर असताना दुसरं कुणी चालू करू शकत नाही. फ्यूज खिशात, म्हणजे तार मेलेली. त्याच्या हातांना एवढंच ठाऊक होतं.

"वीज आता डीपीकडून येत नाही," मोहिनी म्हणाली. तिने मूठ उघडून चावी दाखवली. "या बाजूने येते. मी चालू करत होते."

तो तिथेच थांबला. मग फार हळू, एकेक पाय जपून टाकत खाली आला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. पतंग वरच राहिला.

"कशाला चढलास?"

"परवा तुम्ही म्हणाल्या होत्या... रोज खिडकीतून तो फाटका पतंग दिसतो म्हणून. म्हटलं, जायच्या आधी एक दिवस तरी नीट दिसावं बाहेरचं."

"मन्हा जीव गया व्हता," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. तो जवळ आला, पण तिला हात लावायची त्याची हिंमत होईना. शेवटी तिनेच त्याच्या सदऱ्याची बाही घट्ट पकडली आणि तशीच त्याला शेडपर्यंत आणली. साहेबांनी वहीतली सही खोडायला लावली, नव्याने वेळ घालायला लावली, आणि यापुढे चावी लाईनमनच्याच खिशात राहील, अशी खाली नोंद करून घेतली.

बटण दाबलं तेव्हा हितेंद्र तिच्या शेजारी उभा होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग दूरवर गिरणीचा पट्टा फडफडला, पंपाने पाणी ओढलं, आणि झुंबरबाई दारात येऊन पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवायला लागली. बाहेरच्या विजेशी वाडीचा काही संबंध नव्हता, तरी ठेका धरलेला होता. पन्नास, पन्नास, पन्नास.

साहेबांची जीप गेली. चार वाजत आले होते. शेडच्या पायरीवर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मोहिनीने फोन काढला, कंपनीचा निरोप त्याच्यासमोर धरला. त्याने तो दोनदा वाचला.

"वर्षभर?" तो म्हणाला. "सोमवारपासून हे तुमच्याजवळ हाये?"

"हो."

"मंग काही लिहिलं काहून नाही?"

"कुणी तरी विचारेल म्हणून थांबले होते."

हितेंद्रने पायरीवरची माती नखाने खरवडली. दूर रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज विरला.

"मले वाटलं, पुण्याच्या माणसाले काय विचारावं," तो म्हणाला. मग त्याने मान वर केली. "राहता का, मोहिनी?"

तिच्या नावामागे आज मॅडम नव्हतं. तिने खाली पाहत चार ओळी लिहिल्या, या वेळी पुसल्या नाहीत, आणि पाठवून टाकल्या.

"ऱ्हासू, राहते," ती म्हणाली.

"मंग आईले काय सांगू?"

"सांग, धुळ्याची शे. भरीत झणझणीत लागतं." मधल्या रिकाम्या जागेत ती सरकून बसली. "आणि आज माझी भाकरी तुमच्याकडेच टाक म्हणावं."