जरा पुढे सरका

त्या रस्त्यावरच्या एकाही माणसाला ओळखपत्रावरचा स्वतःचा फोटो आवडत नसे, आणि हा दोष आपला नाही असं फोटोवाल्यांचं ठाम मत होतं. माणूस जसा असतो तसा फोटोत येतो, त्याला कॅमेरा काय करणार? त्यांचा स्टुडिओ औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, घराला लागूनच होता. एक खोली, एक निळा पडदा, पाठ नसलेलं एक स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, आणि दाराशी आरसा, त्याला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला असल्यामुळे तो चोरीला जात नसे आणि कधीच न धुतल्यामुळे कोणी वापरतही नसे.

गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की फोटोवाल्यांचं तोंड आपोआप सुरू होई. "जरा पुढे सरका. अजून थोडं. हनुवटी खाली. बस्स. हलू नका." शब्द तेच, चालही तीच. गिऱ्हाईक पुढे सरकत नसे, हनुवटी वर करी, आणि नेमकं हले. फोटोवाले तरी बटण दाबत. बायको म्हणायची, "अहो, झोपेतसुद्धा मला पुढे सरका म्हणता. पुढे भिंत आहे."

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि जो तो आपला चेहरा आपणच बिघडवू लागला. फोटोवाल्यांच्या हाती वेळच वेळ आला. एका दुपारी ते पुलाखालून चालले होते, तिथे शिडीवर एक बाई उभी दिसली. वर्षानुवर्षांच्या जाहिरातींनी जाड झालेल्या भिंतीवर तिने एक भलामोठा कागदी चेहरा चिकटवला होता आणि आता ती तोच नखांनी ओरबाडून काढत होती. गालाची पट्टी निघाली, खालून जुन्या जाहिरातीतला कोणाचा तरी डोळा बाहेर आला. कपाळ फाटलं, तिथे निम्मं अक्षर उगवलं.

"इतका चांगला चिकटवलास आणि फाडतेस कशाला गं?"

"चिकटवतात सगळेच, काका. मी फाडते," ती खाली न बघता म्हणाली. "खाली काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. तेवढीच तर गंमत."

रस्त्यावर सगळे तिला चिकटवाली म्हणत. फोटोवाले घरी आले ते भारावूनच. कागद फाडायचं वय नव्हतं, पण कॉम्प्युटर होता. खाली पुलाखालच्या भिंतीचा फोटो ठेवायचा, वर माणसाचा, आणि वरच्यावरून खोडरबर फिरवायचा. जिथे माणूस पुसला जाईल तिथे भिंत दिसेल. पहिला बळी शेजारचा शिंपी. त्याच्या गालातून विटा आणि जाहिराती डोकावायला लागल्या तेव्हा फोटोवाल्यांना हयातीत पहिल्यांदा आपण कलावंत असल्याची शंका आली.

बायकोने चष्मा सावरून बघितलं. "शिंपीभाऊंना खरूज झालीय का?"

चिकटवालीला मात्र चित्र फार आवडलं. ती म्हणाली, "एक मोठा चेहरा द्या काका. भिंतीवरची मधली जागा तुमच्यासाठी ठेवते." फोटोवाल्यांनी ताबडतोब बायकोला स्टुलावर बसवलं. तिचा फोटो काढणं म्हणजे उकळत्या दुधाचा फोटो काढणं. एक क्षण स्थिर नाही. "जरा पुढे सरक. अजून थोडं. हनुवटी खाली," ते म्हणत राहिले, ती हातवारे करत बोलत राहिली, आणि ते बटण दाबत राहिले.

त्याच संध्याकाळपासून ती मान चोळायला लागली. "कुठून तरी गार वारा येतोय हो मानेवर," ती म्हणाली. खिडक्या बंद होत्या. तिने गळ्याभोवती एक ओढणी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी, बायकोच्या चेहऱ्याला हात घालण्याआधी सराव म्हणून, फोटोवाल्यांनी शिंप्याचा फोटो पुन्हा उघडला आणि घाईत खाली भिंत ठेवायलाच विसरले. खाली काहीच नसलं की पुसलेल्या जागी पांढऱ्या-करड्या चौकोनांची जाळी दिसते. ती दिसली नाही. शिंप्याच्या कानाच्या जागी निळा पडदा दिसला. त्यावर वरपासून खाली आलेली चुणी होती. ती चुणी फोटो काढताना शिंप्याच्या कानामागे झाकलेली होती.

फोटोवाले सुज्ञ गृहस्थ होते. हल्लीचे प्रोग्रॅम फार शहाणे असतात, आजूबाजूचं बघून मधलं भरून काढतात, एवढं त्यांनी वाचलं होतं. पण मनाची खात्री हवी. म्हणून त्यांनी खालच्या औषधवाल्याला फुकट फोटोचं आमिष दाखवून वर बोलावलं, आणि त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे, पडद्यावर, चिमट्याने आपली डाव्या पायाची चप्पल टांगली. तिचा अंगठा पिवळ्या दोऱ्याने शिवलेला होता. जगातला कुठलाही प्रोग्रॅम कितीही शहाणा असला तरी एवढा अंदाज त्याला करता येणार नव्हता.

"माझ्या डोक्यामागे चप्पल?" औषधवाला म्हणाला.

"प्रकाशाची चाचणी आहे. जरा पुढे सरका. अजून थोडं."

"अहो पण चप्पलच का?"

"हलू नका."

तो गेल्यावर फोटोवाल्यांनी त्याच्या टकलावरून खोडरबर फिरवला. चप्पल दिसली. अंगठा दिसला. पिवळा दोरा दिसला.

फोटोवाले उठून पाणी प्यायले. मग परत येऊन बसले आणि खोडरबर जरा खाली आणला. कपाळ गेलं. त्यामागे पडदा असायला हवा होता. केस होते. नीट विंचरलेले, मधोमध भांग पाडलेले. ते पुसत गेले. औषधवाल्याच्या मागे, त्याच्या बाह्यरेषेच्या आत बरोबर मावेल असं, एक माणूस बसलं होतं. मागे स्टूल नव्हतं, तरी ते बसलं होतं. हात मांडीवर, खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली. चेहरा असा, की बघत असेपर्यंत ओळखीचा वाटे आणि नजर हलली की विसरायला होई. बाई की पुरुष, तेही सांगता येत नव्हतं. डोळे थेट कॅमेऱ्याकडे.

त्यांनी ताबडतोब शिंप्याचा फोटो उघडला आणि कानाखाली पुसलं. तेच माणूस. लागोपाठ काढलेल्या तीन फोटोंमध्ये शिंपी आधी बसला होता, मग शिंकला होता, मग नाक पुसत होता. मागचं माणूस तिन्हीत तसंच होतं, पापणीचा केसही न हलवता. उभ्या आयुष्यात इतकं शहाणं गिऱ्हाईक फोटोवाल्यांना मिळालं नव्हतं.

मग ते जुन्या फायलींकडे वळले. शाळेच्या बाई, पेन्शनवाले, परदेशी निघालेले, नोकरी लागलेले. ज्याला पुसावं त्याच्यामागे ते होतं. फक्त जितकं जुनं जावं तितकं ते लांब गेलं. सगळ्यात जुन्या फोटोंत ते पार पडद्याला टेकून होतं, अंगठ्याएवढं. त्यानंतरच्या फोटोंत थोडं पुढे. मग अजून थोडं. कोणा एकाच्या फोटोत त्याने उडी मारली होती असं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकामागे ते थोडंसंच सरकलं होतं, सांगितलं होतं तेवढंच.

गिऱ्हाइकांनी त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. पण दर वेळी कोणीतरी ऐकत आलं होतं.

शेवटचे दोन फोटो औषधवाल्याचा आणि बायकोचा. आदला बायकोचा. त्यांनी तो उघडला आणि तिच्या गालावर खोडरबर टेकवला. गाल गेला आणि मागून पडदा आलाच नाही. लगेच दुसरा गाल आला. तितकाच मोठा. तिच्या डोळ्यांमागे डोळे, तिच्या ओठांमागे मिटलेले ओठ. दोघांच्या मध्ये पोस्टकार्ड जेमतेम मावलं असतं.

बाहेर बायको ओढणी घट्ट करत कोणाला तरी सांगत होती, "नाही हो, सर्दी नाही. मानेवर कोणी फुंकर घालावी तसं वाटतं."

आता इथे कोणीही शहाण्या माणसाने स्टुडिओला कुलूप घातलं असतं. फोटोवाल्यांनीही घातलं. पण रात्रभर शेजारी ती मान चोळत राहिली, आणि त्यांच्या लक्षात आलं की कुलूप स्टुडिओला लागतं, मानेला लागत नाही. सकाळी चहा पिताना त्यांना एकदम सुचलं. ते ऐकतं ना? मग ऐकवू या.

"परवाचा फोटो चांगला आला नाही," ते म्हणाले. "परत बसतेस का?"

"मी सांगतच होते. डोळे बटाट्यासारखे आले असणार." ती पदर खोचून स्टुलावर बसली. ऊन खिडकीतून सरळ फरशीवर पडलं होतं. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. भिण्यासारखं काहीही नव्हतं.

फोटोवाल्यांनी कॅमेऱ्यामागे जाऊन घसा साफ केला. "मागे सरका," ते म्हणाले.

"सरका? मला अहोजाहो कधीपासून?"

"अजून मागे. अजून. अगदी पडद्यापर्यंत."

"आता भिंतीत जाऊ का?" ती म्हणाली, पण जन्मात पहिल्यांदा नवऱ्याने काही वेगळं सांगितलं याचं अप्रूप वाटून तिने खरोखरच स्टूल मागे ओढलं. फोटोवाल्यांनी बटण दाबलं, धावत कॉम्प्युटरपाशी गेले आणि तिच्या छातीवरून खोडरबर फिरवला. निळा पडदा. चुणी. आणि तिच्या ओढणीच्या गाठीमागे, पडद्याला टेकून, अंगठ्याएवढं काहीतरी.

"अहो," मागून बायको म्हणाली, "गंमत बघा. मान मोकळी झाली." तिने ओढणी काढून बाजूला टाकली. "आता मस्त काढा एक. भिंतीवर लागायचाय."

फोटोवाल्यांना हसू आवरेना. किती दिवसांनी ते असे हसले! कॅमेऱ्याला डोळा लावला तर बायको पार पडद्यापाशी, अंधारात. दिव्याचा उजेड तिच्या गुडघ्यांपर्यंतच पोचत होता.

"उजेडात ये की," ते म्हणाले.

"तुम्हीच मागे पाठवलंत, आता तुम्हीच या कॅमेरा घेऊन. मी काही बाहुली आहे? ऊठ म्हटलं की ऊठ, बस म्हटलं की..."

आणि फोटोवाल्यांचं तोंड सुरू झालं. शब्द तेच. चालही तीच.

"जरा पुढे सरका. अजून थोडं. अजून. पुढे या, या, या. हनुवटी खाली. बस्स. हलू नका."

बोट बटणावर पडलं.

बायको बोलायची थांबली होती.

स्टूल उजेडात होतं. ते ओढल्याचा आवाज आला नव्हता.

खांदे सरळ. हात मांडीवर. हनुवटी किंचित खाली. फोटो इतका सुंदर आला होता की चिकटवालीने तो फाडला नसता.

"अगं," फोटोवाले म्हणाले.

ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

ते कॉम्प्युटरपाशी गेले. स्टुलाकडे पाठ करावी लागली असती, म्हणून तेवढं अंतर त्यांनी तिरकं चालून काटलं. त्यांनी गळ्याच्या खाली थोडंसंच पुसलं.

पडदा. चुणी. मागे, अगदी मागे, कोणीतरी छोटंसं.

आजवरच्या प्रत्येक फोटोत मागचं माणूस सुईच्या टोकासारखं स्पष्ट आलं होतं. हे पुसट होतं. तोंड उघडं होतं. हात वर उचललेला होता आणि त्या हाताच्या चार-पाच फिक्या सावल्या एकावर एक उमटल्या होत्या.

फोटो काढताना ते हललं होतं. एक क्षण स्थिर नव्हतं.

खाली भाजीवाल्याने पुढच्या घरापाशी हाक दिली.

मागून, स्टुलावरून, अतिशय अदबीने आवाज आला.

"आता हलू का?"