पुनावळ्यातली रेवती

"माझी सून येडी झालीय, न्हाईतर मी तरी. दोन्हीतलं खरं काय ते सांगा."

चिंचवड स्टेशनजवळच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या सुमनताई एवढं बोलल्या आणि खुर्चीत टेकल्या. वय पासष्टच्या आसपास, नऊवारी, हातात कापडी पिशवी.

गुरुदत्तनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल लावून टाकला. सासू म्हटल्यावर आणखी काय शोधायचं? त्याचा अभ्यासही दांडगा होता. रोज रात्री साडेआठची मालिका तो एक दिवस चुकवत नसे.

विमलबाई मात्र शांतपणे चष्मा पुसत होत्या. भोसरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात कामगारांच्या शिफ्टचे तक्ते करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. कोण खोटं आजारपण सांगतो आणि कोण दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच करतो, हे पकडता पकडता त्यांना तपासाची सवय लागली ती कायमचीच. निवृत्तीनंतर त्यांनी ही खाजगी तपासाची एजन्सी काढली. गुरुदत्त हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. स्कूटर तो चालवायचा, डोकं त्या चालवायच्या.

"सुरुवातीपासून सांगा," विमलबाई म्हणाल्या.

सून विजयश्री चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मशीन तपासणारी इन्स्पेक्टर. तिचा नवरा, थोरला मुलगा निरंजन, तिथंच सुपरवायझर. धाकटा गणराज चाकणलाच दुसऱ्या कंपनीत. पाच वर्षांची नात, पूर्वी. तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, विजयश्रीच्या कंपनीत सात नंबरच्या प्रेसमध्ये मालोजी नावाच्या कामगाराचा हात गेला. हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद होता.

"सूनबाई म्हनते, मी बुधवारीच त्या मशीनला लाल टॅग बांधला हुता. टॅग असला की मशीन कुनी चालवायचं न्हाई. पन टॅग कुनालाच दिसला न्हाई. तवापासनं तिला घरी बसवलंय. आन घरात हे सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"मालिकेतल्यासारखं."

गुरुदत्त ताठ बसला. "'रेवतीचं घर'?"

"व्हय. त्यातली सासू रेवतीच्या वस्तू हलवती अन् तिलाच येडी ठरवती बघा. तसंच आमच्या घरात. आदी साखरेच्या डब्यात मीठ. मग पूर्वीच्या फ्रॉकवर चालू इस्त्री, फ्रॉक जळाला. मग मंगळसूत्र गव्हाच्या पिपात. आन परवा गॅसचं बटन उघडं. पूर्वी सैपाकघरात खेळत हुती. निरंजनला वास आला, तो धावला म्हनून वाचलो. सूनबाईला कायबी आठवत न्हाई. लोक माझ्याकडं बघत्यात. म्हनतात, सासूनं मालिका बघून शिकून घेतलं."

गुरुदत्तनं खाली पाहिलं. त्याचंही तेच मत होतं.

"यातलं काय किती वाजता झालं, आठवतं?" विमलबाईंनी विचारलं.

"न आठवाया काय झालं? मीठ आन इस्त्री, पयल्या आठवड्यात. दोन्ही सांच्याला, चार-पाचच्या चहाच्या येळंला. मंगळसूत्र दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी. सूनबाई अंघोळीला गेली हुती, सकाळचे दहा. आकराला गहू काढाया गेले तर घावलं. गॅस या सोमवारी, सांच्याला पाच वाजता."

"मंगळवारी रात्रीच तर तो भाग होता," गुरुदत्त न राहवून म्हणाला. "रेवतीचं मंगळसूत्र गव्हात सापडतं तो. अंगावर काटा आला होता माझ्या."

"त्यो बघताना तर सूनबाई चक्कर येऊन पडली," सुमनताई म्हणाल्या. "म्हनाली, आई, टीव्हीवाल्यांना माझ्या घरातलं कसं कळलं?"

विमलबाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. "आता पुढं काय ठरलंय? तुम्ही इतक्या घाईनं आलात म्हणून विचारते."

सुमनताईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. "परवा शुक्रवारी ती कंपनीत सही देनार हाय. टॅग बांधायला मीच विसरले, म्हनून. मग निरंजन तिला मोठ्या दवाखान्यात ठेवनार. पूर्वीला तिच्यापासनं लांब, मावशीकडं धाडायची. माझी सून खुळी न्हाई, बाई. मी अकरा वर्सं बघितलीय तिला."

*

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कारखान्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद. पुनावळ्यात सुमनताईंच्या सहाव्या मजल्यावरच्या घरापर्यंत जिना चढताना गुरुदत्त गुरुवारच्या नावानं बोटं मोडत होता.

विजयश्री आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत बाई, पण बोलताना दर वाक्याला अडखळत होती. आपण बोलतोय ते खरं आहे की नाही, याचीच तिला खात्री नव्हती.

"बुधवारी संध्याकाळी प्रेस थांबल्यावर, सगळे निघताना सेन्सर तपासला. तो बंद होता. मी टॅग बांधला. म्हणजे, मला तसं दिसतं. पण मला हल्ली काहीही दिसतं."

"कसा बांधला?"

ती अगदी हळू म्हणाली, "हे मी कुणालाच सांगितलं नाही. निरंजनलासुद्धा नाही. टॅग कंपनीच्या तारेनंच बांधायचा नियम आहे. तार संपली होती. पर्समध्ये पूर्वीची रिबीन होती, तीच वापरली. इतकं बारीक आठवतंय, म्हणजे टॅग खरंच बांधला असेन ना, ताई? की हेही मनाचंच?"

विमलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा फोन कुठं आहे?"

"निरंजननं ठेवलाय. पहिल्याच आठवड्यात घेतला. म्हणाला, डोक्याला ताण नको. खूप जपतो तो मला." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

गणराज बाल्कनीत होता. तिशीतला, तुटक बोलणारा, डोळ्याला डोळा न देणारा. गुरुदत्तला तो क्षणात संशयास्पद वाटला.

"वहिनी घरी बसल्यापासून घरात सुतक आल्यासारखं झालंय," तो म्हणाला. "मी काय सांगणार? माझी आणि दादाची शिफ्ट कायम उलटी. आईजवळ एक जण असावा म्हणून आम्ही तशी मागून घेतलीय. दादा सकाळच्या फर्स्टला तर मी दुपारच्या सेकंडला. दर गुरुवारनंतर बदल."

"अपघाताच्या आठवड्यात?"

"दादा फर्स्टला. मी सेकंडला."

"मालिका बघता?"

"मी नाही. पण कंपनीच्या बसमध्ये निम्मे लोक बघतात, मोबाइलवर. पैसे भरले की तिथं उद्याचा भाग आजच येतो, राव. टीव्हीची वाट कोण बघतंय."

निरंजननं मात्र दोघांना स्वतः पाणी आणून दिलं. चहाला दूध नाही म्हणून माफी मागितली. चाळिशीचा, सभ्य, दमलेला माणूस. गुरुदत्तला त्याची दया आली. बायको अशी, आई तशी, मधल्यामध्ये बिचाऱ्याचं मरण.

"मी मालिका बघत नाही, बाई. मला त्यातली पात्रंही माहीत नाहीत," निरंजन म्हणाला. "पण डोक्यात तेच भरलं की माणूस तसंच वागतो. आता हा टॅगच घ्या. रिबिनीनं बांधलेला लाल टॅग प्रेसवर लोंबत असता, तर शिफ्टच्या तीस माणसांपैकी एकाला तरी दिसला असता की नाही? मी सहाच्या आधी पोचलो होतो. मला दिसला असता. भास आहेत तिचे. तिनं सही करून टाकावी, मोकळं व्हावं. मी आहे ना तिच्या मागे."

गुरुदत्तनं मान डोलावली. विमलबाई फक्त म्हणाल्या, "सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा."

*

पंखा बंद होता. पूर्वी शेजारी खेळायला गेली होती. विजयश्री सोफ्याच्या कोपऱ्यात बसली, तिच्या शेजारी निरंजन. समोर सुमनताई. गणराज दाराला टेकून उभा.

"प्रकार चार झाले," विमलबाईंनी सुरुवात केली. "मीठ, इस्त्री, मंगळसूत्र, गॅस. चारही मालिकेतून उचललेले. त्यामुळे सगळ्यांनी मालिकेसारखाच विचार केला. तिथं सासू गुन्हेगार, म्हणून इथंही सासू. आमचे गुरुदत्तरावही कालपासून तेच धरून बसलेत."

गुरुदत्तचे कान गरम झाले.

"पण मंगळसूत्र सकाळी अकराला सापडलं आणि टीव्हीवर तो भाग लागला त्याच रात्री साडेआठला. म्हणजे करणाऱ्यानं तो आदल्या दिवशीच मोबाइलवर पाहिला होता. सुमनताई, तुमचा फोन काढा."

सुमनताईंनी पिशवीतून बटणांचा जुना फोन काढला.

"यावर मालिका दिसत नाही. आणि विजयश्रीचा फोन पहिल्या आठवड्यापासून तिच्याजवळ नाही. म्हणजे सासूही नाही, सूनही नाही. पोरी, ऐकतेस ना? तू काहीही केलेलं नाहीस. तुझं डोकं ठिकाणावर आहे."

विजयश्रीनं तोंडावर हात धरला.

"राहिले दोघे भाऊ. मी तीस वर्षं शिफ्टचे तक्ते केले, मला दुसरं काही दिसतच नाही. पहिल्या आठवड्यात प्रकार कधी झाले? संध्याकाळी. दुसऱ्यात? सकाळी. तिसऱ्यात पुन्हा संध्याकाळी. सासूसुना दिवसभर घरातच असतात, त्यांना वेळ बदलायची काय गरज? या घरातलं भूत दर गुरुवारी शिफ्ट बदलत होतं. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी कोण येत होतं? दुसऱ्या आठवड्यात सेकंडला जाण्याआधी सकाळभर घरी कोण होतं? गणराज त्या प्रत्येक वेळी चाकणला कामावर होता."

गुरुदत्तची नजर निरंजनकडे वळली आणि तिथंच खिळली. तोच माणूस मघाशी त्याला पाणी देऊन गेला होता.

"काहीतरीच काय," निरंजन हळू आवाजात म्हणाला. "मी माझ्या बायकोला असं कशाला करीन?"

"टॅगसाठी. मघाशी तुम्ही म्हणालात, रिबिनीनं बांधलेला टॅग. ही रिबीन तुम्हाला कुणी सांगितली?"

"हिनंच. विजयश्रीनंच सांगितलं."

"मी नाही सांगितलं," विजयश्री म्हणाली. ती सोफ्यावरून सरकून लांब झाली होती. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा ताईंना सांगितलं, आणि तेव्हा तू बाहेर होतास."

"तो टॅग रिबिनीनं बांधलाय, हे दोघांनाच माहीत असणार," विमलबाई म्हणाल्या. "बांधणाऱ्याला आणि सोडणाऱ्याला. त्या शुक्रवारी तुम्ही सहाच्या आधी पोचलात, तुम्हीच सांगितलंत. माल पाठवायचा राहिला होता, की वरून तगादा होता, ते तुमचं तुम्हाला माहीत. माणसं यायच्या आत तुम्ही टॅग सोडला आणि मालोजीला मशीनवर बसवलं. हात गेल्यावर प्रश्न एकच उरला. विजयश्री छातीठोक सांगणार, मी टॅग बांधला होता. तिचं तोंड बंद करून भागलं नसतं. तिलाच ते खोटं वाटायला हवं होतं. घरात चार गोष्टी विसरली की पाचवी, टॅगची, आपोआप विसरली असं ती स्वतःच म्हणणार. आणि म्हणालीच. संशय आईवर गेला तरी तुमचं काही बिघडत नव्हतं."

"गॅस," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "पूर्वी आत होती, निरंजन."

"मी दारातच उभा होतो. लगेच बंद केला ना—"

वाक्य अर्धवट राहिलं. गणराजच्या तोंडून शिवी गेली. इतकी वर्षं गुरुदत्तनं मालिकेत हे सगळं चवीनं पाहिलं होतं, जाहिरातीत चहा करून आणला होता. समोर बसलेल्या माणसाकडे मात्र त्याला बघवेना.

निरंजन आईच्या पायाशी जाऊन बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला. आवाज पुन्हा तसाच मऊ, काळजीचा झाला.

"आई, या वेळा सगळ्या तू सांगितल्यास ना? तुला कुठं नीट आठवतं आता? परवा औषध घेतलंस तेही विसरलीस. वय झालंय तुझं. यांना सांग, वेळा सांगताना माझी चूक झाली असेल म्हणून. तुलाही एकदा डॉक्टरांना दाखवू या आपण."

सुमनताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. पोटच्या पोराला त्या आज पहिल्यांदा बघत असाव्यात, तशा. घटकाभर त्याही डळमळल्या. खरंच चुकलं असेल का आपलं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर गुरुदत्तला स्पष्ट दिसला.

"आईंना सगळं नीट आठवतं."

विजयश्री उभी राहिली होती. तिचा आवाज आता जराही अडखळत नव्हता. ती कपाटाजवळ गेली, उद्या द्यायचा तो टाइप केलेला कागद काढला आणि त्याचे चार तुकडे केले. मग पूर्वीच्या वहीचं एक पान फाडून ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि लिहायला लागली. टॅग कधी बांधला, कशानं बांधला, तो कुणी सोडला, घरात काय काय झालं. पान भरलं तेव्हा तिनं खाली सही केली आणि ते सुमनताईंसमोर ठेवलं.

"वेळा तुम्ही सांगितल्यात, आई. तुमची सही लागेल."

"आई, घरातलं घरात मिटवू," निरंजन म्हणाला. "मला आत टाकतील. पोटच्या पोराविरुद्ध सही करशील तू?"

सुमनताईंनी विमलबाईंकडे पाहिलं. "टाकतील?"

"टाकतील," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही.

सुमनताईंनी तो कागद जवळ ओढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी सुनेला विचारलं, "त्या मालोजीचा कंचा हात गेला गं?"

"उजवा."

सुमनताईंनी निरंजनच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पेन मागितलं.