मक्ता

"गुळाची काहील उतरवा! सरकारी हुकूम हाय!"

एकाहत्तर साल. श्रीगोंद्याकडच्या गुऱ्हाळावर गोरक्ष असा दरडावत आला खरा; पण पहिलंच पाऊल उसाच्या मळीत पडलं आणि साखर कारखान्याचा हा नवा शेतकी साहेब धपकन आडवा झाला. अगं बाई! गुऱ्हाळवाल्यांच्या विजयमालेला, घरच्यांच्या मालाला, हसू आवरेना.

"हुकूम नंतर उठवू," ती म्हणाली, "आधी साहेबांना उठवू का?"

लाजून तो उठला. तिनं वाटीभर गरम काकवी दिली, तेव्हा कुठं त्याला बोलणं सुचलं. "औंदापासून हद्दीतला समदा ऊस कारखान्यालाच. गूळ करायचा तर परवाना लागंल. तुमच्या भल्यासाठीच हाय."

"आमचं भलं आमाला कळत न्हाई व्हय? व्यापारी दोन रुपये जादा देतो, तर तुमी तीन द्या की! लोक आपल्या पायानं येतील. बांधून कशाला घालता? एकाचाच मक्ता वाईट!"

"समदे मोकळे सुटले, तर कारखाना चालायचा कसा?"

"चांगला असंल तर चालंल."

गोरक्षानं काकवीची वाटी बोटानं पुसून चाटली, आणि ते तिनं बरोबर हेरलं.

गुऱ्हाळ बंद पडलं, तरी त्याची फटफटी येतच राहिली.

"आज बी तपासणी? चुलवाण तर थंड हाय."

"मग... माणसं तपासावी म्हटलं."

"माणसांना बी परवाना लागतो का?"

तो नुसता हसायचा. आणि तो गेला की मालाचं कशात म्हणून चित्त लागायचं नाही. लांब फटफट वाजली तरी कान टवकारायचे. छे, काय हा जीवाला चाळा, म्हणून ती स्वतःवरच चिडायची.

एक दिवस तिचे वडील, सहादेव, हसतच घरी आले. "श्रीमंतरावांचा सांगावा हाय. गोरक्षाचे चुलते, कारखान्याचे संचालक. पोरगी द्या, परवाना घ्या म्हणत्यात."

माला ताडकन उठली.

"मी काय लेव्हीचा माल हाय, आबा? हुकमानं उचलायला?"

"अगं, कर्जतच्या मास्तराचं स्थळ हाय, त्याच्यापरीस ह्यो बरा की! आन् तुला तर आवडतोय."

"आवडतोय म्हणून तर असा सौदा नको!"

हा सांगावा गोरक्षानंच धाडायला लावला असेल? तेवढ्या एका विचारानं तिचा जीव कासावीस झाला. चुलीवर दूध उतू गेलं, अंगण दोनदा झाडून झालं. त्यानंच असेल, तर तोंडावर नाही म्हणायचं. पण म्हणवेल का?

मग तो आला... चालत. पाय धुळीनं भरलेले, चेहरा उतरलेला.

"फटफटी कुठाय?"

"कारखान्याची हुती. काकांना म्हटलं, सांगावा मागं घ्या. ते म्हणाले, मग नोकरी बी मागं दे. दिली." "परवाना आता मिळायचा न्हाई, माला. माझ्यामुळं. आन् आबा म्हणत्यात त्या मास्तराला बी बघ... मग सांग मला, कोण पायजे ते."

तिचे डोळे भरून आले. असा वेडा माणूस!

"मास्तराला निरोप धाडलाय. येऊ नका म्हणून."

"पण तूच म्हणायचीस ना, एकाचाच मक्ता वाईट?"

"हुकमानं घेतला तर वाईट." तिनं मान वर करून थेट त्याच्याकडं बघितलं. "मी आपखुशीनं दिला... तर घ्याल न्हवं?"