लोकरीच्या भिंती

"वर बघू नका!" आवाज आला, आणि रत्नम्मानं नेमकं वरच बघितलं. लाकडाचा भुसा थेट डोळ्यांत!

"नगं म्हनालो हुतो की..." शिडीवरून एक तरुण झपाझप खाली उतरला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि ती डोळे धुईपर्यंत हसू दाबत उभा राहिला.

रत्नम्मा वडिलांचं जेवण घेऊन आली होती. तिचे वडील ईरप्पा विणकरांच्या मागांचे लोखंडी भाग दुरुस्त करत. त्यांचा कारखाना चारी बाजूंनी पत्र्याचा. चैत्रात आत भट्टीची धग आणि वरून ऊन! दोनदा ते घेरी येऊन पडले, तेव्हा पत्र्याला आतून भिंती घालायचं ठरलं. त्या कामाला मोहोळहून बिरप्पा आला होता. धनगराचा मुलगा, पण सुतारकीत हात बसलेला. लाकडी चौकटी उभ्या करायच्या, त्यावर बांबूचे तट्टे ठोकायचे, वरून चुन्याचा गिलावा. पत्रा आणि तट्ट्याच्या मधे लोकर भरायची कल्पना त्याचीच.

"मेंढरू उन्हात कसं हिंडतं? लोकरीमुळंच की!"

"म्हंजे अप्पांना मेंढरू करनार व्हय?"

तो इतका मोकळा हसला की रत्नम्माही हसली. दुसऱ्या दिवसापासून लोकरीतले काटे वेचायचं काम तिनं आपणहून घेतलं. चौकटीच्या अल्याड ती, पल्याड तो. लोकर देता-घेता बोटांना बोटं लागत... आणि दोघंही भलतीकडंच बघत.

"डबा आनायला दुसरं कुनी न्हाय व्हय तुमच्यात?"

"हाय की. उद्या त्यालाच धाडते."

"नगं! माझे खिळे वाकडे जातील..."

शेवटचा तट्टा हातात धरून तो एकदा तसाच थांबला.

"ह्यो ठोकला की गिलावा तेवढा ऱ्हाईल. ईरप्पांना... विचारू?"

 तिनं लोकरीसकट त्याचा हात घट्ट दाबला.

बिरप्पानं विचारलं. त्या संध्याकाळी ईरप्पांनी लेकीला समोर बसवलं. चुलीपाशी तिची आत्या गुरम्मा हातातली भाकरी तशीच धरून ऐकत होती.

"बिरप्पा तुला मागनी घालतोय. तुज्या मनात हाय काय?"

वडिलांचा काजळीनं माखलेला चेहरा तिला फार कठोर वाटला. आपण हो म्हटलं, तर धनगराचा म्हणून हे त्याला मारून हाकलतील...

"न्हाय अप्पा. असलं काय न्हाय."

"नक्की?"

"नक्की."

बिरप्पानं दोन दिवसांत गिलावा पुरा केला आणि मोहोळची गाडी धरली. ते दोन दिवस रत्नम्मा कारखान्याकडं फिरकली नाही.

तीन महिन्यांनी आत्यानं अक्कलकोटचं स्थळ आणलं, तेव्हा तिचा बांध फुटला आणि तिनं अप्पांना खरं ते सांगितलं. 

"मगळे," ईरप्पांनी कानडीतून हाक मारली. लेकीला ते लाडानं तसंच म्हणत. "आपण जात न माननाऱ्या बसवण्णाचं नाव घेतो. मी त्याची जात काडली असती व्हय? मला तुज्या तोंडचं एक 'व्हय' पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मोहोळला गेले. बिरप्पाच्या दारात मांडवाचे खांब अजून उभे होते. त्याच्या लग्नाला आठ दिवस झाले होते.

ईरप्पा त्याच्या वडिलांपाशी ओसरीवर बसले. रत्नम्मा अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली. बिरप्पा तिथं आला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली.

"ठाऊक हुतं."

"मग गेलात कशाला?"

"वाटलं, तुमची भीती सरंल... येक सांगावा यील. घरची थांबंनात, लगीन उरकलं." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "मी तरी येक खेप मारायची हुती. न्हाय मारली."

तेवढ्यात हिरव्या चुड्याच्या हातानं कुणीतरी ताकाचा पेला पुढं केला. त्याची बायको, केराबाई. कोवळं पोरपण अजून चेहऱ्यावर.

"कोन वं ह्या?" तिनं नवऱ्याला विचारलं.

 रत्नम्माच म्हणाली, "आमच्या कारखान्याच्या भिंती ह्यांनी घातल्या. लई झ्याक काम केलंय... तेवढं सांगाय आलो."

नवऱ्याचं कौतुक ऐकून केराबाई फुलली. "व्हय? मग जेवूनच जायाचं आता!"

"जेवू की," रत्नम्मा म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला तिच्यासोबत चुलीपाशी जाऊन बसली. बिरप्पा पाणी आणतो म्हणून घागर घेऊन गेला, तो ताटं वाढून झाली तरी परतला नाही.