मिटरवरचे शेवटचे दोन आकडे

दिवा राहू द्या, आणि मध्येच बोलू नका. आमच्या शेजाऱ्याची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

कारखान्यातल्या मोजमापाच्या खोलीत त्याचा थोरला मेहुणा कामाला होता. त्यानंच ह्याला तिथं हाताखाली घेतलं, हाताला धरून मिटर शिकवला. पुढे मेहुण्याच्या मिटरवरचे शेवटचे दोन आकडे नाचायला लागले. तो कळवळून सांगायचा, "यंत्रांच्या मोटारींचा, विजेचा गोंगाट मिटरच्या तारांत शिरतोय." पण साहेबांना तारा बदलण्यापेक्षा माणूस बदलणं सोपं. आकडे का नाचतात, त्यांनी ह्याला विचारलं. ह्यानं खाली मान घालून सांगितलं, "त्यांचा हात थरथरतो."

मेहुणा घरी बसला, खुर्ची ह्याला मिळाली. वर्षाच्या आत मेहुण्यानं अंथरूण धरलं आणि गेला. बायकोनं ह्याला जाब विचारला नाही. बोलणंच टाकलं.

मग आकडे ह्याच्याही हाताखाली नाचायला लागले. साहेब हसले, "सासुरवाडीचा रोग लागला वाटतं!"

मार्चमधला शेवटचा शनिवार. यंत्रं बंद, पाण्याचा पंप तेवढा चालू. छडा लावायचाच म्हणून हा रात्री एकटा खोलीत बसला. दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ दिला. मोबाइल बाहेर ठेवला. ट्यूब मालवून बॅटरी लावली. गोंगाट अडवायला तारांवर असते त्या जाळीची दोन्ही टोकं अर्थिंगला घट्ट जोडली.

आकडे नाचतच होते.

पाठीमागून कुणीतरी हळूच बोललं.

"दाजी... एक टोक सोडा."

मेहुणा जिवंतपणी हाक मारायचा, तशीच. तितक्याच आदरानं.

ह्याला मागं वळायचा धीर होईना. चाचपडत त्यानं जाळीचं एक टोक सोडवलं.

आकडे थांबले.

एकही हलेना...

"माझं चुकलं," हा म्हणाला.

मागं कुणी श्वास घेत होतं. मग तेही नाही.

खोलीला कुलूप लावून तो धडपडत घरी आला. बायको जागीच होती.

"दादांचा हात थरथरत नव्हता गं."

कितीतरी महिन्यांनी ती बोलली. "मला माहीत होतं. तुम्हालाही."

आणि कूस बदलून झोपली.

सोमवारी त्यानं कुलूप उघडलं. किल्ली दोन्ही रात्री त्याच्या उशाखालीच होती. आत सारं होतं तसंच. फक्त त्या सोडलेल्या टोकावर काळी टेप गुंडाळलेली, एकही सुरकुती नाही. टेपच्या कडेला अंगठ्याचा ठसा.

घामानं ओला.