न मोजलेल्या ओळी

वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ, कूलर दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, वेदश्री नोकरीला होती ती कंपनी होती. खाली दिवसभर पत्र्याची ठोकठाक, वर जावास्क्रिप्ट. गावातल्याच एका खाजगी दवाखान्यासाठी, रुग्णाला औषध किती द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम तिथे तयार होत होता. करारात अट होती नव्वद टक्के कव्हरेजची. चाचण्यांमध्ये प्रोग्रामच्या ज्या ओळी चालून पाहिल्या जातात त्या अहवालात हिरव्या दिसतात, ज्यांना कोणी हात लावला नाही त्या लाल. शंभरात नव्वद हिरव्या हव्या होत्या.

अहवाल त्याच्या जरा अलीकडेच अडला. रुग्णाचं वजन नोंदलेलंच नसेल तर काय, हा तुकडा लाल होता. वेदश्रीने तिथे घाईत साठ किलो धरून ठेवले होते. खरं तर तिथे प्रोग्रामने थांबायला हवं होतं.

"दोन दिवस द्या, सर. नीट लिहिते."

कंपनीचे मालक धर्मेंद्र सरांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही. "उद्या बिल टाकाचं हाये मले. त्याच्यावर लिहून टाक ना, मोजू नको म्हणून."

तशी सोय असतेच. तुकड्याच्या डोक्यावर एक सूचना लिहिली की मोजणारं साधन तिकडे बघतच नाही. ना हिरवं, ना लाल. झाकली मूठ सव्वा लाखाची. वेदश्रीने ती लिहिली, टक्के चढले, सरांनी समोसे मागवले. तिला स्वतःची किळस आली, आणि समोसाही तिने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अहवाल पुन्हा उघडला. लपवलेला तुकडा हिरवा होता.

जे मोजायचंच नाही त्याला रंग येईल कुठून? त्या ओळींसाठी चाचणीही नव्हती. तिने अहवाल पुसून परत काढला. रंग तोच, आणि ओळ किती वेळा चालली तो बाजूचा आकडा वाढलेला. तिने इंटरनेट तोडलं. तरी वाढला. खालची ठोकठाक थांबली होती, पंखा फिरत होता, आणि तिच्या मानेवर घाम गार होत होता.

मग लॅपटॉपवर, प्रोग्रामचे संदेश दिसतात त्या काळ्या खिडकीत अक्षरं उमटली. वजन नाही, साठ धरले. खाट सतरा.

खाटांचे क्रमांक तिने प्रोग्राममध्ये कुठेच लिहिले नव्हते.

"लॅपटॉप बंद करून चालू कर," सर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी प्रोग्राम दवाखान्यात बसवून आले.

वेदश्रीने लॅपटॉप बंद करून चालू केला. नोकरी नुकतीच लागली होती. दवाखान्यात वजन करत नाहीत असं कधी होतं का, अशी तिने मनाची समजूत घातली. आठवड्याने तिचे बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आंजीहून आले, तेव्हा सर स्वतःच म्हणाले, "आपल्याच दवाखान्यात टाक त्याईले. ओळख हाये."

ऑफिसातून सुटून ती पोचली तेव्हा बाबा खाटेवर बसले होते. किराणा दुकानात उभं आयुष्य काढलेला, वाळून काटकुळा झालेला माणूस. खाटेच्या दांडीवर पत्र्याचा क्रमांक ठोकला होता. सतरा.

"ही खाट आम्ही कोणाले देतच नव्हतो, ताई," रीता सिस्टर सांगत होती. "औषधाची मशीन बसली तवापासून भरलेलीच दाखवून राह्यली होती. आजच मोकळी झाली."

"बाबांचं वजन केलं?"

"काटा बिघडला हाये. मशीन घेते ना आपोआप."

"माह्या पोरीनंच बनवलं ते," बाबा सिस्टरला म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता.

खाटेशेजारच्या ट्रेमध्ये ऑपरेशनआधीच्या गुंगीचं औषध तयार होतं.

"सिस्टर, ते गुंगीचं औषध देऊ नका. मात्रा चुकते. मला माहीत होतं. मीच लपवलं."

रीताने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. सिरिंज काठोकाठ भरलेली होती.

"मी कुठं दिलं अजून?"

तिने हातातला टॅब वेदश्रीकडे वळवला. "पण हे काऊन दिलं म्हणून दाखवून राह्यलं?"

साठ किलोची मात्रा. पुढे हिरवी खूण.

"वेदू," बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. "मले काऊन अशी झोप येऊन राह्यली व?"